तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःसाठी वेळ कुठून काढता?

"ताई, दोन पोरं, नोकरी, घरी सासूबाई, एवढं सगळं करून तुम्ही फिरायला कशा काय जाता हो, किती वाजता उठता?" हा प्रश्न मला मेट्रोत विचारतात, ऑफिसात डबा खाताना विचारतात, संक्रांतीच्या हळदीकुंकवात तर एकीने वाण हातात देता देताच विचारला. दर वेळी मी "होते बाप्पा कसं तरी" म्हणून मोकळी होते. आज नीट सांगते.

एक तर मी रोज नाही जात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, बस. आणि लवकर उठून वेळ काढलेला नाही, ते करून पाहिलं होतं. पंधरा दिवस साडेचारचा अलार्म लावला, रात्री झोपायला साडेअकरा व्हायचेच, मग ऑफिसात दुपारी बिलं तपासता तपासता डोळे मिटायचे, संध्याकाळी पोरांवर ओरडायची आणि रात्री त्याचंच वाईट वाटून रडत बसायची. झोप मोडून स्वतःची काळजी घ्यायची यात काही अर्थच नाही, हे माझं पक्कं मत झालंय, कोणी कितीही सांगो.

खरी सुरुवात फिरण्याने झालीच नाही, जेवणाने झाली. दोन वर्षांआधी ऑफिसचा एक जिना चढला की दम लागायला लागला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२, बाईमाणसाचं १२ तरी पाहिजे. डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या म्हणाल्या, आणि मग कागदावरून मान वर करून विचारलं, "बसून जेवता का हो?" मला उत्तरच देता आलं नाही. मी ओट्याशी उभी राहून जेवायची. एका हाताने पोळी उलटायची, दुसऱ्या हाताने मुलीच्या ताटात उरलेला भात संपवायची, तेच माझं जेवण. नंतर वाचलं की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना ॲनिमिया निघालाय. म्हणजे आमच्या मेट्रोच्या डब्यातल्या दर दोघींमधली एक.

मग एवढंच ठरवलं की ताट वाढून घ्यायचं आणि सगळ्यांसोबत बसायचं, पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या, ज्याला लागेल त्याने उठून घ्यायची. पहिले काही दिवस सासूबाईंना खटकलं, यांना तव्यावरची गरम पोळी लागते ना. पण माझा रिपोर्ट त्यांनी पाहिला होता. एक दिवस मी सवयीने उठायला लागले तर माझा हात धरून म्हणाल्या, "बस वं माय तू, मी वाढतो." अंबाडीची भाजी होती, वरून लसणाचं तेल, ती मी गरम गरम खाल्ली.

आता फिरायचं. नवरा आधीपासून मदत करायचा, खोटं नाही बोलणार. "सांग, काय करू" म्हणायचाच. पण सांगायला मला सगळं लक्षात ठेवावं लागायचं ना, भाजी कोणती, मुलाच्या वर्गात तळलेलं चालत नाही, बाटली धुतली की नाही. हात त्याचे आणि डोकं माझंच चालू, मग वेळ कुठून सुटणार? २०२४ च्या सरकारी टाइम यूज सर्वेचा, म्हणजे कोणाचा वेळ कशात जातो त्या पाहणीचा आकडा मी त्याला वाचून दाखवला, आपल्याच घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं आणि माणसाची ८८. तो वाद घालेल वाटलं होतं, पण गप्प बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "मग मला एक काम पूर्ण दे." तीन दिवसांचे डबे त्याला दिले. भाजी आणण्यापासून डबा दप्तरात जाईपर्यंत, मी विचारणार पण नाही.

पहिल्या सोमवारी बूट घालून दारात उभी होते आणि आत कुकरच्या शिट्ट्या होऊन राहिल्या होत्या. तिसरी झाली, चौथी झाली, गॅस बंद करायला पाहिजे होता, माझा एक पाय पुन्हा आत. पाचवी झाली. मी दार ओढून घेतलं आणि निघाले. बटाटे फुटले असतील, डबा काही रिकामा गेला नाही. हे सोडून देणंच सगळ्यात कठीण होतं, चालणं सोपं. आता मे महिन्यात साडेपाचलाच निघते कारण सातनंतर आपल्या नागपुरात ऊन बोलू देत नाही, थंडीत साडेसहाला.

पण हे सगळं घरी माणूस असलं तर. माझ्या मैत्रिणीचा नवरा गडचिरोलीला पोस्टिंगवर, पोट्टा पाच वर्षांचा, तिला मी काय सांगू की काम वाटून घे? कोणाशी? तिला "स्वतःसाठी वेळ काढ गं" म्हणणाऱ्या बायांचा मला राग येतो, मनापासून येतो. आम्ही दोघींनी मग शनिवार वाटून घेतले. एका शनिवारी चार ते सहा तिचा पोट्टा माझ्याकडे, पुढच्या शनिवारी माझी दोघं तिच्याकडे. त्या दोन तासांत घरकाम करायचं नाही, एवढी एकच अट.

पहिल्या शनिवारी ती सहाऐवजी पावणेसातला आली, सॉरी सॉरी करत. मी म्हटलं कुठे गेली होतीस, पार्लरला? "नाही ना ताई, झोपली होती," म्हणाली. गालावर उशीच्या घडीची खूण अजून तशीच होती.