गिळताना पाहिलंत का?

दवाखान्यातल्या त्या फॉर्मवर ‘गिळलेली वस्तू’ या ओळीपुढे दोन चौकोन होते, ‘पाहिली’ आणि ‘संशय’. मी खरं बोलले आणि ‘संशय’वर खूण केली. पुढचे तीन तास अजून डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसलेय.

आधी बंड्याचं सांगते, कारण त्याच्यामुळे मी गाफील राहिले. बंड्या आमचा कुत्रा. दोन वर्षांपूर्वी त्याने माझ्यासमोर, माझ्याकडे बघत बघत, एक मोजा गिळला. मी फोन केला, लगेच घेऊन या म्हणाले, उलटीचं इंजेक्शन दिलं आणि दहा-पंधरा मिनिटांत मोजा जमिनीवर. तासाभरात आम्ही घरी. मोजा तेव्हा पोटातच होता, आतड्यात उतरला नव्हता, म्हणून ते इतकं सोपं झालं. मला मात्र वाटलं की हे असंच असतं.

चिंगी मांजर. तिची गोष्ट वेगळी निघाली.

शनिवारी रात्री मी पडद्यांच्या कडा शिवल्या आणि रीळ टेबलावरच राहिलं. पहाटे चिंगी दोनदा ओकली. मांजरं ओकतातच, केसांचा गोळा असेल, म्हणून पुसून घेतलं आणि पुन्हा झोपले. ही चूक माझी, ती मी कोणाच्या माथी मारत नाही. दुपारपर्यंत ती पाच वेळा ओकली, खाण्याला तोंड लावलं नाही, पाणी प्यायली तर तेही बाहेर. मग कपाटाखाली जाऊन बसली. सदानकदा माझ्या पायात घोटाळणारं मांजर हाक मारली तरी येईना, तेव्हा मी हातातली कामं टाकली.

संध्याकाळी रिळाकडे लक्ष गेलं. दोऱ्याचं सुटं टोक चघळून चघळून पिसासारखं झालेलं. सुया मोजल्या, सगळ्या जागेवर होत्या. भावाला फोन केला तर तो म्हणतो, “अगं, मिठाचं पाणी पाज, ओकून टाकेल.” नशीब, मी ऐकलं नाही. मिठाच्या पाण्याने रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. कुत्र्याला डॉक्टर कधीकधी फोनवरून ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड द्यायला सांगतात, ते मात्रा ठरवून आणि फक्त त्यांनी सांगितलं तरच. मांजराला तेही चालत नाही, पोटाच्या अस्तराला जखमा होतात. मांजराला घरच्या घरी ओकवायचा सुरक्षित उपाय नाहीच.

तर काउंटर.

“काय गिळलंय?”

“शिवणाचा दोरा.”

“गिळताना पाहिलंत का?”

“नाही, पण रिळाचं टोक—”

“मग संशय लिहा.”

पेन काउंटरला दोऱ्याने बांधलेलं होतं. त्याही मनःस्थितीत ते माझ्या डोळ्यांना टोचलं. मी चघळलेलं रीळ पिशवीतून काढून समोर ठेवलं. बाईंनी ते बाजूला सरकवलं, कारण त्याच्याखाली फॉर्म होता. वजन किती? मला आठवेना. शेवटची शी कधी? तेही आठवेना, कारण आमच्याकडे मातीचा ट्रे साफ करायचं काम नवऱ्याचं. त्याला फोन लावला, तो उचलेना. प्रत्येक रिकाम्या जागेसरशी माझी केस आणखी हलकी होत चालली आहे असं मला वाटत होतं, आणि ते खरंही होतं. मागून आलेला, नख तुटलेला एक कुत्रा आत गेला. त्याचं रक्त दिसत होतं ना.

पन्नास मिनिटांनी एक्स-रे. आणखी वीस मिनिटांनी निकाल: “स्वच्छ आहे. काही दिसत नाही.” पुढे हसत हसत, “केसांचा गोळा असेल. पेस्ट लिहून देतो, उद्या बघू.”

त्या क्षणी मी जवळजवळ निघाले होते. डॉक्टरांनी स्वच्छ म्हटल्यावर कोण भांडणार? पण एक्स-रेमध्ये धातू दिसतो, हाड दिसतं, दगड दिसतो. दोरा, कापड, पातळ प्लॅस्टिक सहसा दिसत नाही. बंड्याच्या मोज्याच्या वेळी हे कानावर पडलं होतं, ते कुठूनतरी वर आलं. मी म्हटलं, “दोरा एक्स-रेत दिसतो का?” डॉक्टर थोडे थांबले. “तसा दिसत नाही.” “मग स्वच्छ कसं?” यावर उत्तर आलं की सोनोग्राफी करता येईल, पण ती करणाऱ्या मॅडम आठला येतात आणि त्यांच्याकडे तातडीच्या केसेस आधी. आम्ही तातडीचे नव्हतो. आम्ही संशय होतो.

थांबले. त्या दीड तासात मी फॉर्म इतक्यांदा वाचला की पाठ झाला. लसीकरणाची तारीख, पट्ट्याचा रंग, आधीची ॲलर्जी. पट्ट्याचा रंग! घरातून काय कमी झालंय, हा एक प्रश्न त्यात नव्हता. गिळताना कोण बघतं? बघितलं असतं तर गिळू दिलं असतं का? मधे मी पिंजऱ्याच्या जाळीतून चिंगीला थोडं ओलं खाणं दाखवलं, बिचारी कालपासून उपाशी म्हणून. तिने तोंड फिरवलं. बरं झालं, कारण ऑपरेशनची शक्यता असेल तर पोट रिकामंच हवं, भुलीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली तर नवं संकट. हे कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही तरी विचारून घ्या.

पावणेआठला पाळी बदलली. नव्या आलेल्या डॉक्टर अगदी तरुण, पाठीवरची बॅगसुद्धा अजून उतरवली नव्हती. कागद वाचला आणि विचारलं, “जीभ उचलून बघितली का कोणी?”

कोणीच बघितली नव्हती. त्यांनी चिंगीचं तोंड उघडलं, हनुवटीखाली दोन हाडांच्या मधल्या मऊ भागावर अंगठा दाबला, तशी जीभ आपोआप वर आली. आणि जिभेच्या मुळाशी, बोटात घट्ट अंगठी रुतावी तसा, रुतलेला निळा दोरा. माझ्या पडद्यांचा निळा. या सगळ्याला दहा सेकंद लागले असतील.

मांजराची जीभ हीच यातली खरी अडचण. तिच्यावरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे एकदा दोरा तोंडात गेला की थुंकणं जमत नाही, तो आतच सरकतो. मधला भाग जिभेभोवती अडकतो आणि बाकीचा पोटातून आतड्यात उतरतो. आतडं त्याला पुढे ढकलायला बघतं, पण एक टोक अडकलेलं. मग चुणीदार शिवणीचा दोरा ओढल्यावर कापड गोळा होतं तसं आतडं दोऱ्यावर गोळा होतं, आणि ताणलेला दोरा करवतीसारखा आतल्या भिंतीला कापू लागतो. भोक पडलं की पोटभर जंतुसंसर्ग. म्हणूनच तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. तसंच उचलून दवाखान्यात न्यायचं. रिबन, लोकर, दात साफ करायचा फ्लॉस, सगळ्यांचं हेच.

संशय गेला, धावपळ सुरू झाली. सोनोग्राफीत आतडं गोळा झालेलं दिसलं. मग मोठ्या डॉक्टरांनी तोच मघाचा एक्स-रे पुन्हा उजेडात धरला आणि मला दाखवला: आतड्यात हवेचे छोटे बुडबुडे, स्वल्पविरामासारखे, एका बाजूला दाटीने जमलेले. दोरा दिसत नाही, पण दोऱ्याने केलेलं हे दिसतं. म्हणजे ‘स्वच्छ’ फोटोत उत्तर दोन तास पडून होतं. मला राग आला की रडू, सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

ऑपरेशन रात्रीच झालं. भुलीत आधी जिभेखालचा फास कापला, मग पोट आणि आतडं मिळून तीन ठिकाणी उघडून दोरा तुकड्यातुकड्याने काढला. आतडं फाटलं नव्हतं. दोन रात्री तिथे, सलाईन, गळ्यात ती कर्ण्यासारखी कॉलर, घरी. खाणं लवकर सुरू करण्यावर त्यांचा भर होता, कारण मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून वेगळंच आजारपण मागे लागतं. पहिले पाच दिवस मात्र डोळ्यांत तेल घालून बघा म्हणाले, आतड्याचे टाके सुटायचे असतील तर बहुधा तेवढ्यातच सुटतात. पुन्हा उलट्या, ताप, मलूलपणा, काहीही दिसलं तर थेट या. मी त्या पाच रात्री कपाटाजवळ गादी टाकून झोपले. बंड्या माझ्या उशाशी. त्याला वाटलं असेल काहीतरी मजा चाललीय.

एक राहिलं. दोऱ्यापेक्षाही घाईची वस्तू म्हणजे रिमोटमधले, वजनकाट्यातले चपटे गोल सेल. तो सेल अन्ननलिकेत अडकला की फुटायचीही गरज नाही, नुसत्या विजेच्या प्रवाहाने तिथे क्षार तयार होतात आणि अर्ध्या तासाच्या आत भाजायला सुरुवात होते. तिथे ओकवायचं तर मुळीच नाही, कारण वर येताना पुन्हा भाजणार. अशा वेळी मात्र काउंटरवर ‘संशय’ ऐकून घेऊ नका, आवाज चढवा. मी चढवला नाही याचं मला अजून वाईट वाटतं. छोटी लोहचुंबकंही तशीच, एक गेलं तर कदाचित निघून जाईल, पण दोन गेली तर आतड्याच्या दोन वळशांतून एकमेकांना चिकटतात आणि मधली भिंत चिमटून मरते.

आणि फोन करताना आधी हे विचारा की सोनोग्राफी आत्ता, या वेळेला आहे का. मी विचारलं असतं तर कदाचित दुसरीकडेच गेले असते. आता दोघांची वजनं माझ्या फोनमध्ये लिहिलेली आहेत. शिवण संपलं की रीळ, कात्री, सुया फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, आणि कापलेले दोरे मोजत नसले तरी जमिनीवर एकही ठेवत नाही. केसांचे रबर चिंगीला दोऱ्याइतकेच प्रिय, तेही बरणीत. बंड्यासाठी मोज्यांची टोपली दाराआड गेली. मोजा जोडीने वाळत घालते, म्हणजे एक कमी झाला की लगेच कळतं. नवरा हसतो. हसू दे, ट्रे अजून तोच साफ करतो आणि आता मला रोज अहवाल देतो.

बाराव्या दिवशी टाके काढायला गेलो. मी एका कागदावर लिहून नेलं होतं की फॉर्ममध्ये ‘घरातून काय कमी झाले आहे?’ ही ओळ घाला, आणि ओकणारं मांजर आलं की आधी जीभ उचला. बाईंनी कागद वाचला, चांगलं आहे म्हणाल्या, आणि सूचनापेटी दाखवली. मग तोच जुना फॉर्म पुढे केला, पट्ट्याच्या रंगासकट. मी लिहायला पेन उचललं तशी चिंगी पिंजऱ्यात एकदम ताठ झाली. कॉलरच्या कर्ण्यातून दोन डोळे, पेनाच्या हलणाऱ्या दोऱ्यावर खिळलेले. मी पिंजरा भिंतीकडे फिरवून ठेवला आणि पर्समधलं माझं पेन काढलं.