ट्रफ अपडेट: गळती सापडली, दाब आता ३० वर टिकतोय

आमचा ट्रफ म्हणजे घरी बनवलेले उथळ तबक: पाण्यावर लिपिडची (चरबीसारख्या रेणूंची) एक रेणू जाडीची फिल्म पसरायची, सरकत्या आडव्या दांड्याने, म्हणजे बॅरिअरने, ती दाबायची आणि तिचा पृष्ठदाब, म्हणजे फिल्ममुळे पाण्याचा पृष्ठताण किती घटला ते, मोजायचा. मागच्या अपडेटमधला दाबाचा उतार औषधाचा नव्हता. फिल्म डाव्या बॅरिअरखालून पळत होती. ठाण्याचा ट्रफ आता नुसत्या डीपीपीसीवर (पेशीपटलात असते तसे एक लिपिड) ३० मिलिन्यूटन/मीटर धरून बसतो, तासाभरात अर्ध्या मिलिन्यूटन/मीटरहून कमी घसरतो. आधी तो तासात ३० वरून २६ वर यायचा.

ही गळती इतकी महत्त्वाची का? एर्गोस्टेरॉल (बुरशीच्या पेशीपटलातले स्टेरॉल, आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल) असलेल्या फिल्मखाली अँफोटेरिसिन बी हे बुरशीविरोधी औषध सोडले की पृष्ठदाब आधी चढतो, मग हळूहळू उतरतो. चढणे सरळ आहे: क्षेत्रफळ बांधलेले, त्यात नवे रेणू घुसले. उतरण्याचे मात्र दोन अर्थ लागतात. २०१४ मध्ये मांडलेल्या 'स्टेरॉल स्पंज' कल्पनेनुसार औषधाचे गठ्ठे पटलाबाहेर राहून एर्गोस्टेरॉल ओढून घेतात. तसे असेल तर फिल्म विरळ होऊन दाब पडायलाच हवा. आणि फिल्म गळत असेल तरी आलेख हुबेहूब तसाच दिसतो. म्हणून गळती बंद झाल्याशिवाय कोणत्याही उताराला अर्थ नाही.

शोध कसा लागला ते सविस्तर, कारण घरी ट्रफ बनवणाऱ्या प्रत्येकाला हे भोवणार. पहिला संशय बाष्पीभवनावर होता. पण हिशेब करा: पृष्ठताण मोजायला काट्याला टांगून पाण्यात बुडवलेली व्हॉटमन नं. १ गाळणकागदाची १० मिमी रुंद पट्टी, परिमिती २०.४ मिमी, म्हणजे १ मिलिन्यूटन/मीटरला २.०८ मिग्रॅ. पाणी १ मिमी खाली गेले तर पट्टीची तरंगशक्ती साधारण २ मिग्रॅने घटते, म्हणजे खोटा उतार जेमतेम १ चा. एका तासात ४ उतरायला पाणी ४ मिमी आटावे लागेल. दुसरा संशय एर्गोस्टेरॉल हवेत ऑक्सिडाइझ होण्यावर. त्यासाठीच नुसते डीपीपीसी लावले. त्याच्या दोन्ही साखळ्या संतृप्त, हवेने बिघडायला काही नाही. तरी उतार तोच. उरला बॅरिअर.

टाल्कची चाचणी निर्णायक ठरली. बॅरिअरच्या मागच्या, स्वच्छ पाण्याच्या बाजूला चिमूटभर टाल्क भुरभुरा आणि फिल्म ३० वर न्या. डाव्या कोपऱ्यात टाल्क पंख्यासारखी मागे सरकली आणि मधे काळे, मोकळे पाणी दिसू लागले. गळतीची जागा बोट ठेवून दाखवता येईल इतकी स्पष्ट. टाल्क बिनवासाची हवी, पंक्चरवाले ट्यूबला लावतात ती. कॅरमची पावडर नको, ती बहुधा बोरिक असते आणि विरघळते. चाचणीनंतर ट्रफ पूर्ण धुवा.

कारण साधे आहे. टेफ्लॉनला पाणी चिकटत नाही, म्हणून पाणी काठावर फुगून उभे राहते. पण पृष्ठदाब ३० झाला की पृष्ठताण ७२ वरून ४२ वर येतो, पाणी टेफ्लॉनवर पसरू लागते आणि फिल्म टेफ्लॉनच्या बॅरिअरखालून वाट काढते. उपाय दोन. काठ सपाट करणे: काचेच्या जाड तुकड्यावर १२०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून ट्रफ उलटा घासला, ०.०५ मिमीचे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) कुठेही आत जात नाही तोवर. आणि बॅरिअर डेलरिन या कडक प्लास्टिकचे केले. डेलरिन पाण्याने भिजते, त्यामुळे फट पाण्यानेच बंद होते. वागळे इस्टेटमधल्या जॉबवर्कवाल्याने तुकडे मिलिंग करून दिले, काम सुरेख आहे. फक्त कूलंटचे तेल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलने बराच वेळ घासावे लागते.

मोजमापाचा काटा ०.१ मिग्रॅचा, कागदाची पट्टी त्याच्या तळाच्या हुकला. प्लॅटिनम प्लेटपेक्षा आम्हाला कागदच पसंत: नेहमी पूर्ण भिजलेला असतो, जाळून साफ करायची कटकट नाही. प्लास्टिक सिरिंज मात्र लिपिडच्या क्लोरोफॉर्म द्रावणासाठी कधीही नाही. आतले सिलिकॉन तेल विरघळून थेट फिल्ममध्ये येते. हॅमिल्टनची काचेची सिरिंज महाग आहे आणि त्या पैशांना पुरेपूर लायक आहे.

प्रमाणे, पुन्हा विचारली गेली म्हणून: सर्व लिपिड १ मिग्रॅ/मिली क्लोरोफॉर्ममध्ये. ७:३ मोल प्रमाणासाठी डीपीपीसी आणि एर्गोस्टेरॉल ८१:१९, कोलेस्टेरॉल असेल तर ८२:१८. नुसते डीपीपीसी २५ मायक्रोलिटर सोडले की २०५ चौ. सेमीवर रेणूमागे १ चौ. नॅनोमीटर पडतो. ३०० × ७० मिमीच्या ट्रफमध्ये पाणी ७ मिमी, म्हणजे १४७ मिली. औषध १ मायक्रोमोलर व्हावे यासाठी त्याच्या ५ मिग्रॅ/मिली डीएमएसओ (एक द्रावक) द्रावणाचे २७ मायक्रोलिटर, वाकड्या सुईने बॅरिअरमागून, आणि तुलनेसाठी तितक्याच नुसत्या डीएमएसओचा ब्लँक. खाली छोटा चुंबकी ढवळणा लागतोच, नाहीतर औषध वर पोचायला तासन् तास जातात. पेटीला काळे कापड, कारण औषध प्रकाशाने बिघडते. हातमोजे घाला, क्लोरोफॉर्म खिडकीपाशी हाताळा.

दुकानातली इंजेक्शनची बाटली वापरू नका. साध्या बाटलीत ५० मिग्रॅ औषधासोबत सुमारे ४१ मिग्रॅ सोडियम डीऑक्सिकोलेट असते, ते स्वतःच पृष्ठभागावर येऊन बसते. लिपोसोमल बाटलीत तर कोलेस्टेरॉलच मिसळलेले असते. शुद्ध पावडरच हवी.

पुढचा बेत होता थेट एर्गोस्टेरॉल विरुद्ध कोलेस्टेरॉल तुलनेचा. तो आता थोडा मागे ढकलतोय, कारण हे लिहितानाच सुचले: स्टेरॉल खरेच ओढले गेले तर आपला ट्रफ ते दाखवतो का, हे आधी मिथिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनने तपासावे. ते फिल्ममधून कोलेस्टेरॉल काढते हे पक्के माहीत आहे. ०.५ मिलिमोलरसाठी सुमारे ९६ मिग्रॅ पुरेल. कोलेस्टेरॉल फिल्मचा दाब पडला आणि नुसत्या डीपीपीसीचा फारसा हलला नाही, तरच औषधाचा उतार वाचायला घेऊ. त्यानंतर १०, १५, २०, २५ आणि ३० या दाबांवर सुरुवात करून औषधाने होणारी दाबातली वाढ आलेखावर मांडायची आणि रेषा शून्याला कुठे छेदते ते पाहायचे.

नायस्टॅटिन, याच जातीचे दुसरे बुरशीविरोधी औषध, त्यानंतर. आणि पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेले हॅमायसिन, तेही बुरशीविरोधी, कोणाकडे शुद्ध स्वरूपात असेल, तर कळवा. ५ मिग्रॅही भरपूर होईल.