अण्णांची वही

जूनच्या शेवटी आमचे अण्णा गेले. नाशिकच्या पूरनियंत्रण कक्षात त्यांच्याइतका जुना माणूस दुसरा नव्हता. 2008 आणि 2019, दोन्ही मोठ्या पुरांत ते याच खोलीत ड्युटीवर होते. ऑफिसात शोकसभा झाली. फोटोला हार घातला, दोन मिनिटं उभे राहिलो. साहेब 'कर्तव्यदक्ष', 'मनमिळाऊ' असं काहीबाही बोलले. कुणाच्याही शोकसभेत खपतील असे शब्द. मनमिळाऊ तर अण्णा अजिबात नव्हते. चहात साखर कमी पडली तरी भांडायचे.

मग जुलैतला एक बुधवार आला. त्र्यंबकच्या डोंगरात रात्रभर पाऊस कोसळत होता. गंगापूर धरणातून दुपारनंतर विसर्ग वाढवणार, असा निरोप आला. आणि बुधवार म्हणजे गोदाघाटावरचा आठवडे बाजार! खेड्यापाड्यांतून आलेली माणसं नदीच्या अगदी कडेला पथारी टाकून बसलेली. भोंग्याची गाडी सूचना देत फिरते खरी, पण पावसात गिऱ्हाइकाशी घासाघीस चालू असताना भोंग्याकडे कोण लक्ष देतो?

अण्णांचं काम इथून सुरू व्हायचं. टेबलाच्या खालच्या खणात त्यांची एक लाल वही असे. तिच्यात नावं थोडी, खुणाच जास्त. 'मिरचीवाल्या मावशी, गाडगे महाराज पुलाजवळ.' 'फुलं-दिवे, रामकुंड.' 'पितळी भांडी, कोपऱ्यावरचे.' पुढे मोबाइल नंबर, आणि ओळीच्या शेवटी कुणी कधी उठायचं ते: 'मारुतीच्या पायाला', 'गुडघ्याला', 'कमरेला'. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, हे आम्हाला पाठ. घाटावर मात्र पूर मोजायचा तो दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवर पाणी कुठवर चढलं त्यावरच. शिवाय धरणातून सोडलेला आकडा वेगळा आणि होळकर पुलाखालून वाहणारा वेगळा. मधल्या नाल्यांचं पाणी त्यात येऊन मिळतं. अण्णा ते सगळं धरून सांगायचे. त्यांचा अंदाज कागदावर कधी आला नाही, हे आमचं दुर्दैव.

त्या दिवशी कक्षात आम्ही तिघं होतो. वहीची शिवण सैल झालेली होती. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पानं सुटी केली, वाटून घेतली आणि फोन लावायला बसलो.

माझ्या पहिल्याच फोनला पलीकडून आवाज आला, "बोला अण्णा."

कक्षाचा नंबर त्या माणसाने अण्णांच्या नावाने ठेवलेला. मी "अण्णा नाहीत" एवढंच म्हणालो आणि भराभर पाण्याचं सांगून टाकलं. बाकीचं सांगायची ती वेळ नव्हती.

मिरचीवाल्या मावशींनी मात्र मला मध्येच तोडलं. "तू नवा दिसतो. अण्णा आधी इचारायचे, माल किती राह्यला, न्यायला गाडी हाये का. मंग पान्याचं सांगायचे. गाडी नसली तर लावून द्यायचे."

"आज गाडी आहे का, मावशी?"

"कुठून? सात जणी हायेत आम्ही हितं."

वहीच्या शेवटच्या पानावर तीन नंबर होते, पुढे फक्त 'टेम्पो' लिहिलेलं. सकाळपासून ते पान बाजूला पडलं होतं. पहिला नंबर लावला. लगेच उचलला.

"पंचवटी कारंजावर उभा आहे," तो म्हणाला. "किती जणींचा माल उचलायचाय?"