फडावरची बैठक

2024 च्या फेब्रुवारीत, साधारण महिन्याच्या मध्यावर, बँकेतून फोन आला. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात मी ज्यांचं काम बघते, त्यातल्या एका महिला बचत गटाच्या कर्जाचे तीन हप्ते थकले होते. “मॅडम, मार्चच्या पहिल्या आठवड्यात नव्वद दिवस भरतात. खातं एकदा एनपीएत, म्हणजे बँकेच्या बुडीत-थकीत कर्जांत, गेलं की माझ्या हातात काही राहत नाही,” शाखाधिकारी म्हणाले. माणूस चांगला होता. त्यांनी आधी फोन केला, हेच खूप होतं.

गट अकरा बायकांचा. त्यातल्या सातजणी ऊसतोडीला गेलेल्या. पाचजणी एका टोळीत कराडच्या पुढं, दोघी बेळगावकडं. बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यात दिवाळीच्या आसपास घरांना कुलपं लागतात आणि गावात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं तेवढी उरतात. गटाची लोखंडी पेटी सचिवताईंच्या घरी होती. पेटीला कुलपं तीन, आणि त्यातल्या दोन किल्ल्या ऊसतोडीच्या फडावर गेलेल्या. मी दर महिन्याला जो तक्ता वर पाठवत होते त्यात नोव्हेंबरपासून सात नावांपुढं माझ्याच अक्षरात ‘गैरहजर’ आणि ‘बचत निरंक’ लिहिलेलं होतं. प्रतवारीत गट ‘अ’ वरून ‘क’ वर घसरला होता. घरी राहिलेल्या चौघी आपापला वाटा न चुकता भरत होत्या. पण हप्ता पूर्ण आला नाही की बँकेचा संगणक तो थकलेलाच धरतो.

नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, 1992 मध्ये पाचशे गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून या कर्जाचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं आहे. तारण नाही, सातबारा नाही, बँक पाहते ती बैठकीची वही. बैठक झाली का, बचत जमा झाली का, आपसात कर्ज दिलं का, ते फिटलं का, आणि हे सगळं लिहिलंय का. म्हणजे या बायकांची पत त्या वहीत आहे आणि वही चार महिने कोरी. शाखाधिकाऱ्यांनी मार्ग सुचवला होता: जुन्यातला जुना थकलेला हप्ता आत्ता भरा आणि पुढचे हप्ते बदलून हवे असतील तर सभासदांच्या सह्यांचा ठराव आणा. बचत गटाच्या कर्जाला मासिक तसा तिमाही हप्ताही चालतो. पण ठरावाला सह्या पाहिजेत, आणि सह्या करणारे हात उसात.

मी आणि सचिवताई निघालो. सकाळी सहाला धारूर, मग केज, बार्शी, पंढरपूर करत कराड. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून जमलं. वाटेत मी कर्ज नोंदवही चाळत होते. पेटीत मावत नाही म्हणून ती बाहेरच असते. त्यात ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना आहे. सुरुवातीची दोन पानं वाचवत नाहीत. दवाखाना. दवाखाना. पिशवीचं ऑपरेशन. बियाणं. दवाखाना. पिशवीचं ऑपरेशन. 2019 साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली, तेव्हा सगळ्यांना धक्का बसला होता. आमच्या गटांच्या वह्यांत ते कधीपासून लिहिलेलं होतं. आम्ही त्या रकान्याची फक्त बेरीज करत होतो. तिसऱ्या पानापासून मात्र कारणं बदलतात: शेळी, शिलाई मशीन, शेळी, शेळी. बँकेच्या दीड लाखातून सहाजणींनी शेळ्या घेतल्या होत्या.

फडावर पोचेस्तोवर अंधार पडला होता. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, तीन दगडांच्या चुली, बैलांच्या गळ्यातल्या घंटा. बायका नुकत्याच मोळ्या वाहून आलेल्या. हाताला उसाच्या पाचटाचे कापे, अंगाला ती गोडसर चिकट धूळ. आम्हाला बघून पहिल्यांदा कुणी बोललंच नाही. मग ज्यांना सगळा गट काकू म्हणतो, त्या उठल्या आणि म्हणाल्या, “ब्यांकेनं धाडलं व्हय? आमी काय पळून गेलाव का, ताई?”

मी म्हटलं, “तसं नाही काकू. बैठक घ्यायची आहे.”

“मग बसा की. आज आमचा बैठकीचाच वार हाये.”

मला वाटलं त्या माझी समजूत काढताहेत. काकू कोपीत वाकून गेल्या आणि पावडरीचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात नोटा, चिल्लर आणि रबर लावलेली पावत्यांची गुंडाळी. कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या, गाडीवानाकडून मागून घेतलेल्या. पुढच्या बाजूला उसाचं वजन छापलेलं, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं पाच नावं आणि प्रत्येकीपुढं 100. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. काकू चौथी शिकलेल्या आहेत. अक्षरं मोठी, एकेक सुटं.

चार महिन्यांचे पाचजणींचे दोन हजार व्हायला हवे होते. डब्यात निघाले 1,706. मी दोनदा मोजले. सचिवताई माझ्याकडं बघायला लागल्या. काकूंनी शेवटची पावती उलटी करून माझ्यासमोर धरली. एकीच्या लेकराला ताप भरला होता, तिला जानेवारीत 300 दिलेले. त्याखाली: व्याज 6. गावात गट दरमहा शेकडा दोननं कर्ज देतो, तोच दर त्यांनी उसाच्या फडात लावला होता. एका महिन्याचे सहा रुपये त्या बाईनं दिलेही होते. हिशेब पैशापैशाला जुळत होता.

“पैसे आणले कुठून?” मी विचारलं. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, तर हंगामाआधीच घेऊन खर्च झालेली असते. फडावर मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, देतो ती आठवड्याची खर्ची, आणि ती पीठमिठातच संपते. त्यातही कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हिशेब नवऱ्याच्या नावानं. बाईच्या हातात वेगळं काही पडतच नाही.

“वाढे इकतो न्हव का,” एक धाकटी सून म्हणाली. उसाच्या शेंड्यांच्या पेंड्या बांधून संध्याकाळी आसपासच्या शेतकऱ्यांना वैरणीला विकायच्या. तो पैसा तेवढा बायकांचा. दिवसभर वाकून तोडायचं, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, आणि उरलेल्या उजेडात शेंडे गोळा करून शंभर रुपये गटाला. आणि हे सगळं मी ‘निरंक’ म्हणून कळवत होते. त्या रात्री मला त्या शब्दाची फार लाज वाटली, अजून वाटते.

पैसे गावाला का पोचवले नाहीत, हेही तिथंच कळलं. मोबाईल नवऱ्याकडं. पाठवायचे तर कुणाच्या तरी खात्यावरून, म्हणजे आधी ते सांगावे लागणार. काकूंना ते नको होतं.

मग थकलेल्या हप्त्याचा विषय निघाला. दीड लाखाचा हप्ता महिन्याला सात हजारांच्या आसपास. चौघींचा वाटा जमा होता, तरी जुना एक हप्ता पुरा करायला साडेचार हजार लागत होते. मी डब्याकडं पाहिलं. काकूंनी झाकण लावलं. “बचत बचतीत ऱ्हाऊ द्या. हप्ता येगळा.” पदराच्या गाठी सुटल्या, कोपीत जाऊन कुणी पिठाच्या डब्यातून काढून आणलं, आणि 2,600 जमले. धाकटी म्हणाली, राहिलेले मुकादमाकडं मागते, तो देतो. मी काही बोलायच्या आत काकू तिच्यावर उखडल्या, “त्याच्याकडनं घ्यायचं अन् ब्यांकेला भरायचं? मग गट काढला कशाला?” उरलेलं ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडून, उसनं घ्यायचं ठरलं.

ठराव ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडात लिहिला. सचिवताई लिहीत होत्या, मी सांगत होते, आणि काकू मध्येच थांबवून दुरुस्त करत होत्या. जूनमध्ये बकरी ईदच्या आधी बोकडं विकायची, तेव्हा पहिला मोठा हप्ता. दुसरा उचल हातात आल्यावर, म्हणजे गावाहून निघायच्या आधी. हंगामात फक्त व्याजापुरतं. सुरुवातीलाच त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी हेच सांगितलं असतं. कर्ज दिलं तेव्हा मी हजर होते. हप्ता कधी जमेल हे मीही विचारलं नव्हतं. छापील फॉर्मवर महिन्याची तारीख होती, ती आम्ही तशीच भरली. तीन सह्या, दोन अंगठे. साडेनऊला गाडी भरायला आली आणि बायका बैठकीतून उठून मोळ्या उचलायला गेल्या. आम्ही कोपीत पडून होतो. भरणी चाललेली ऐकू येत होती. झोप लागली नाही.

बँकेत शाखाधिकाऱ्यांनी त्या पावत्या एकेक करून पाहिल्या. व्याज 6 वर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, “हे कुणी शिकवलं?” मी सांगितलं, पहिल्या वर्षी आम्हीच. जुना हप्ता भरला आणि खातं एनपीएत जायचं वाचलं. तिमाही हप्ता मंजूर व्हायला मात्र मे उजाडला. दोनदा कागद परत आले, दोन्ही वेळा बेळगावकडच्या दोघींच्या सह्या नाहीत म्हणून. त्या दोघींपर्यंत मी पोचू शकले नाही. त्यातली एक एप्रिलमध्ये परतली ती उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाला बांधली जाऊन. शेळी तिनं जायच्या आधीच विकली होती. ती अजून गटात आहे, बचत कधी होते, कधी होत नाही. तिच्या घरी गेले की ती चहा करते आणि हिशेबाचं बोलणं काढू देत नाही.

बैठकीच्या वहीत त्या चार पावत्या आम्ही खळ लावून चिकटवल्या आहेत, मागची बाजू वर करून. माझ्या तक्त्यातले ‘गैरहजर’ दुरुस्त करून मागितले, पण बंद झालेला महिना संगणक उघडत नाही. ती घसरलेली प्रतवारी तिथं तशीच आहे.

दिवाळीच्या आधी टोळी निघायची होती तेव्हा मी गावात होते. सचिवताईंनी एक वेगळी छोटी वही, शिक्क्याची शाई आणि गटाचा शिक्का काकूंच्या हाती दिला. काकूंनी शिक्का घेतला, वही उलटीपालटी करून पाहिली आणि मला म्हणाल्या, “पेन नको ताई, पेन्शिल द्या. फडात दवानं शाई फुटती.”