घरचा पोस्टग्रे सर्व्हर, नोंद 5 : टेबल उडण्याच्या एक सेकंद आधी

मांडणी मागचीच आहे. दोन जुने मिनी पीसी, प्रत्येकी 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी, दोन्हीवर डेबियन 12 आणि त्याच्याबरोबर येणारं पोस्टग्रेएसक्यूएल 15 (म्हणजेच पोस्टग्रे, डेटाबेस सर्व्हर). बॅकअपला एक यूएसबी डिस्क. स्ट्रीमिंग रेप्लिकेशन, म्हणजे मुख्य मशीनवरचे बदल दुसऱ्या मशीनवरच्या प्रतीत (रेप्लिकेत) लगेच उतरवणं, सुरळीत आहे, पण मुख्य मशीनवर चुकून ‘ड्रॉप टेबल’ मारलं तर रेप्लिकाही आज्ञाधारकपणे तेच टेबल लगोलग उडवते. या खेपेचं काम म्हणून ठरलं ते हे: टेबल मुद्दाम उडवायचं आणि त्याच्या एक सेकंद आधीचा डेटाबेस परत उभा करायचा.

सरावाचा डेटा पीजीबेंच या पोस्टग्रेच्या चाचणी-साधनाने बनवला. स्केल 50 दिला की मुख्य टेबलात 50 लाख रो येतात, साधारण पाऊण जीबी. घरच्या सरावाला तेवढं भरपूर.

पोस्टग्रे प्रत्येक बदल आधी वॉल या नोंदवहीत (पीजी_वॉल फोल्डरमध्ये) लिहितं. त्या फाइलींची प्रत बाजूला साठवण्यासाठी मुख्य मशीनवर आर्काइव्ह_मोड चालू केला. याला रीस्टार्ट लागतो, आर्काइव्ह_कमांड बदलल्यावर मात्र नुसता रीलोड पुरतो. कमांड साधी आहे: त्या नावाची फाइल डिस्कवर आधीच नसेल तरच सीपी (कॉपी). आर्काइव्हचा फोल्डर रूट (अ‍ॅडमिन) युजरच्या मालकीचा राहिला तर इथेच पाणी मुरतं. सर्व्हर चालू राहतो, क्वेरी चालतात, फक्त कॉपी होत नाही आणि पीजी_वॉल फुगत जातो. पीजी_स्टॅट_आर्काइव्हरमधला फेल्ड_काउंट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि डिस्क भरली म्हणून पीजी_वॉलमधल्या फाइली हाताने कधीही उडवू नयेत. तो कचरा नाही, तो डेटाबेसच आहे.

दुसरी गोम खास घरगुती सर्व्हरची. वॉलचा एक तुकडा 16 एमबीचा असतो आणि तो भरल्यावरच आर्काइव्हला जातो. दिवसभरात चार इन्सर्ट होणाऱ्या मशीनवर तो भरायला किती वेळ लागेल याचा नेम नाही. त्यामुळे घडलेली गोष्ट आर्काइव्हमध्ये सापडतच नाही आणि माणूस रिकव्हरीत चूक शोधत बसतो. उपाय दोन: आर्काइव्ह_टाइमआउट 60 सेकंद ठेवणं, किंवा सरावापुरतं पीजी_स्विच_वॉल हे फंक्शन हाताने चालवणं. टाइमआउट फार कमी ठेवला तर अर्धवट भरलेले तुकडेही पूर्ण 16 एमबीचेच साठतात, हे लक्षात ठेवावं.

त्यानंतर पीजी_बेसबॅकअपने सगळ्या डेटाची प्रत (बेसबॅकअप) घेतली, टेबल बनवणाऱ्या-उडवणाऱ्या कमांड लॉगमध्ये याव्यात म्हणून लॉग_स्टेटमेंट ‘डीडीएल’वर ठेवलं आणि टेबल उडवलं. लॉगमध्ये वेळ मिळाली 10:42:07. रिकव्हरीसाठी दिली 10:42:06.

परत उभं करण्यासाठी पीजी_क्रिएटक्लस्टरने ‘चाचणी’ नावाचा वेगळा क्लस्टर (स्वतंत्र डेटा असलेला पोस्टग्रे सर्व्हर) केला. त्याला पुढचा मोकळा पोर्ट, बहुधा 5433, आपोआप मिळतो. त्याची डेटा डिरेक्टरी रिकामी करून बेसबॅकअप तिथे ओतायचा, मालकी पोस्टग्रेस युजरकडे द्यायची, परवानगी 700 ठेवायची. रिकव्हरी.सिग्नल ही रिकामी फाइल तिथेच लागते. जुन्या लेखांत सांगितलेली रिकव्हरी.कॉन्फ आवृत्ती 12 पासून बाद आहे. ती फाइल ठेवली तर सर्व्हर सुरूच होत नाही. रिस्टोअर_कमांडमध्ये %एफ (फाइलचं नाव) आणि %पी (तिचा पाथ) यांची जागा आर्काइव्हच्या उलट असते. कॉपी-पेस्ट करणारे इथे हमखास फसतात.

डेबियनवाल्यांसाठी आणखी एक. इथे पोस्टग्रेएसक्यूएल.कॉन्फ आणि पीजी_एचबीए.कॉन्फ या सेटिंगच्या फाइली डेटा डिरेक्टरीबाहेर, ईटीसी फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे बेसबॅकअपमध्ये त्या येत नाहीत. मुख्य मशीनवर मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळच्या जोडण्यांची कमाल संख्या) 200 केलेलं असेल आणि नव्या क्लस्टरवर मूळचं 100 असेल, तर ‘पॅरामीटर अपुरे’ अशा अर्थाची एरर देऊन रिकव्हरी थांबते. आल्टर सिस्टिम या कमांडने केलेले सेटिंगचे बदल मात्र डेटा डिरेक्टरीतल्या ऑटो.कॉन्फमधून सोबत येतात. त्यात आर्काइव्ह_मोड असेल तर चाचणीचा क्लस्टर त्याच आर्काइव्हमध्ये आपल्याही फाइली घुसडतो. तो आधी बंद करावा.

आता वेळेची गंमत. मशीनचा टाइमझोन भारतीय असेल तर लॉगमध्ये वेळेपुढे ‘आयएसटी’ छापलं जातं. तेच उचलून रिकव्हरी_टार्गेट_टाइममध्ये डकवायचा मोह होतो. पण आवृत्ती 15 च्या मूळ सेटिंगमध्ये आयएसटी म्हणजे इस्राएलची वेळ, +2 तास. म्हणजे ते लघुरूप स्वीकारलं गेलंच तर साडेतीन तास पुढचं लक्ष्य, आणि ड्रॉप टेबलसुद्धा पुन्हा इमानेइतबारे चालवलं जाणार. शिवाय टाइमझोन_अ‍ॅब्रिव्हिएशन्स आधी सेट केलेलं नसेल तर या सेटिंगमध्ये अशी लघुरूपं वापरताच येत नाहीत, असं अधिकृत दस्तऐवजही सांगतात. सरळ +05:30 लिहावं किंवा एशिया/कोलकाता.

सुरू केल्यावर लॉगमध्ये 00000002.हिस्टरी सापडत नसल्याची तक्रार दिसते, ती निरुपद्रवी. लक्ष्य बेसबॅकअप संपण्याच्या आधीचं दिलं तर सर्व्हर नकार देतो, आर्काइव्हपेक्षा पुढचं दिलं तरीही. दोन्ही एरर एकदा मुद्दाम पाडून बघाव्यात, खऱ्या वेळी घाबरायला होत नाही.

लक्ष्य गाठल्यावर सर्व्हर आपणहून थांबून राहतो आणि वाचू देतो. रो मोजल्या, 50 लाख भरल्या. लक्ष्य अलीकडचं पडलं असतं तर सर्व्हर बंद करून वेळ पुढे सरकवता येते. पलीकडे गेलं तर बेसबॅकअप पुन्हा ओतण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून घाईघाईत पीजी_वॉल_रीप्ले_रिझ्यूम चालवू नये, त्याने रिकव्हरी संपते आणि नवी टाइमलाइन (बदलांच्या इतिहासाची वेगळी शाखा) सुरू होते.

एका सेकंदाची ढिलाई खपत नसेल, म्हणजे त्या सेकंदातही कमिट होत (बदल पक्के होत) असतील, तर वॉल वाचून दाखवणाऱ्या पीजी_वॉलडंपने ड्रॉपच्या ट्रान्झॅक्शनचा नंबर काढावा, रिकव्हरी_टार्गेट_एक्सआयडीला तो द्यावा आणि तो ट्रान्झॅक्शन वगळला जावा म्हणून ‘इन्क्लुझिव्ह’ बंद ठेवावं.

हा सराव चालू असताना रेप्लिका बंद ठेवणार असाल तर रेप्लिकेशन स्लॉटकडे (रेप्लिका कुठवर पोचली याची मुख्य सर्व्हरवरची नोंद) लक्ष ठेवा. स्लॉट तिच्यासाठी वॉल धरून ठेवतो, मूळ सेटिंगमध्ये त्याला मर्यादा नाही, आणि 256 जीबी भरली की मुख्य सर्व्हरच आडवा होतो. इथे मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ 10 जीबी ठेवलं आहे. ती मर्यादा ओलांडली तर स्लॉट ‘लॉस्ट’ होतो आणि रेप्लिका बहुधा पुन्हा पहिल्यापासून बांधावी लागते.