पण त्यात तुमचा आवाज कुठला?

आमच्या वृंदगानाचा, म्हणजे समूहगायनाचा, कार्यक्रम संपला की हा प्रश्न येतोच. कधी जाऊबाई विचारतात, कधी शेजारच्या काकू, कधी भाच्याची बायको. "गाणं सुंदरच झालं हो, पण इतक्या जणांत तुमचा आवाज कुठला ते काही कळलं नाही. मग तुम्हाला त्यात आनंद कसला मिळतो?" विचारणाऱ्याच्या मनात खोच नसते. आपली माणसं आपल्यासाठी रविवारची संध्याकाळ मोडून पंचवटीपर्यंत आलेली असतात, त्यांना आपल्यालाच ऐकायचं असतं. तेव्हा मागे बाकं उचलायची घाई असते, नीट बोलणं होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता निवांत सांगते.

आमच्या वृंदात चाळीसेक जण आहेत. बायकांचे दोन आवाज, पुरुषांचे दोन. मी बायकांच्या दुसऱ्या, म्हणजे खालच्या आवाजात गाते. गाण्याची मूळ चाल बहुतेक वेळा वरच्या आवाजाकडे असते. ती गंधारावर, म्हणजे 'ग'वर चढते तेव्हा आम्ही षड्जावर, म्हणजे 'सा'वर थांबलेल्या असतो, ती पंचमावर, 'प'वर गेली की आम्ही गंधार धरतो. घरी भाजी निवडताना मी माझी ओळ म्हणत बसले तर हे कुठलं गाणं ते कुणालाच ओळखता येत नाही. ओळखता येणारच नाही, कारण माझ्याकडे गाण्याचा एक चतुर्थांशच आहे. पण रविवारी तालमीला उभी राहिले, वरच्या बायकांनी चाल उचलली, पुरुषांनी खाली षड्ज भरला, की आठवडाभर एकटा पडलेला माझा गंधार आपल्या जागेवर जाऊन बसतो. तेव्हा अंगावर काटा येतो. दर वेळी येतो.

या गंधाराबद्दल जरा सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. हार्मोनियमवरचा शुद्ध गंधार किंचित चढा असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडता जो गंधार ऐकू येतो, ज्याला गाणारे स्वयंभू गंधार म्हणतात, तो पेटीच्या गंधाराहून थोडासा उतरा असतो. आम्हाला शिकवणाऱ्या बाई एका प्रार्थनेत पेटी मुद्दाम थांबवतात. चारही आवाज उघडे पडतात. पुरुष षड्जावर, वरच्या बायका पंचमावर, मधला गंधार आमच्याकडे. बाई आमच्याकडे बघत तळहात अगदी हळू खाली आणतात, "अजून थोडा उतरवा." आम्ही उतरवतो. आवाजात इतका वेळ जी थरथर असते ती एका क्षणी नाहीशी होते. सभागृहात कुणीतरी नवीन माणूस आल्यासारखा एक सूर वर ऐकू यायला लागतो, जो आमच्यापैकी कुणीच गात नसतं. तो सूर एकट्यानं गाऊन मिळत नाही, कितीही तयारीचा गळा असला तरी. तुम्ही माझा आवाज शोधत होतात तेव्हा मी त्या सुरात होते.

पुष्कळांना वाटतं, जास्त माणसं म्हणजे जास्त मोठा आवाज, आणि त्यासाठीच हा खटाटोप. तसं होत नाही. दहा जण सारख्या ताकदीनं गायले तर आवाज दहापट मोठा वाटत नाही, एकट्याच्या साधारण दुप्पट वाटतो. चाळीस जणांचा फार तर तिप्पट. मग वाढतं काय? चाळीस गळे कधीच तंतोतंत एका सुरावर नसतात. प्रत्येकात केसाएवढा फरक असतो, आणि त्या फरकांमुळेच आवाज रुंद होतो, त्याला पोत येतो. आमच्यात एकीचा गळा किनरा आहे, एकीचा थोडा घोगरा, एक आजोबा आहेत त्यांचा वयानं कापरा झालाय. एकेकटे ऐकले तर यातला कुठलाच आवाज तुम्ही तिकीट काढून ऐकणार नाही. एकत्र आले की त्यांच्यातून जे बनतं ते ऐकायला लोक थंडीत शाली पांघरून येतात.

त्यासाठी स्वतःला आवरावं लागतं, आणि ते अवघड आहे. भोवती आवाज वाढला की माणूस नकळत मोठ्यानं बोलायला लागतो. लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1911 मध्ये हे नोंदवून ठेवलंय, आजही ही सवय त्याच्याच नावानं ओळखतात. गाताना हेच होतं. शेजारीण जोरात, म्हणून मी जोरात, म्हणून पलीकडची आणखी जोरात. गणपतीच्या आरतीत हे चालतं, तिथे उत्साहच हवा असतो. वृंदगानात बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं, "शेजारणीचा आवाज ऐकू येत नसेल तर तुम्ही जास्त गाताय." इतकी वर्षं घरात, नोकरीत, सगळीकडे माझं म्हणणं पोहोचावं म्हणून आवाज चढवत आले. इथे कान पुढे करून आवाज मागे ठेवायला शिकले, आणि त्यातही मी कमी झाले नाही.

आणखी एक गंमत पट्टीची, म्हणजे पेटीच्या ज्या सुरावर आपण आपला 'सा' धरतो त्याची. पुरुष सहसा पेटीच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीत, काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. कुठलीही पट्टी धरली तरी कुणाला तरी तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला टाचा उंचवाव्या लागतात, नाहीतर कुणाचा तरी खर्ज, खालचा सूर, घशातच राहतो. शास्त्रीय संगीतात पंडित जसराजांनी यावर जसरंगी जुगलबंदीची वाट काढली. पुरुषाचा मध्यम तोच स्त्रीचा षड्ज, दोघं आपापल्या पट्टीत आपापला राग गातात. आमची वाट साधी आहे. सगळ्यांनी एकच चाल गायची सक्ती नाही, ज्याचा गळा जिथे सुखानं लागतो तिथली ओळ त्याला. चाल मिळाली नाही म्हणून मला कधी वाईट वाटलेलं नाही. मला माझी जागा मिळाली.

श्वासाचंही तसंच. एका गाण्याच्या शेवटी सोळा मात्रा एकच सूर धरून ठेवायचा ठहराव आहे, तोही विलंबित, म्हणजे संथ लयीत. एका दमात तो कुणाचाच पुरा होत नाही. म्हणून आधीच ठरलेलं असतं, लगतच्या दोघींनी एकदम श्वास घ्यायचा नाही. मी चोरून श्वास घेते तेव्हा डावी-उजवीकडच्या दोघी सूर धरून ठेवतात, मग त्यांची पाळी आली की मी धरते. समोर बसलेल्याला सूर अखंड वाटतो. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोकेही एकमेकांबरोबर वाढतात आणि मंदावतात. कारण सरळ आहे. श्वास सोडताना ठोके मंदावतात, आणि ओळी एकच असल्या की श्वासही बरोबर चालतात. मला हे वाचून नवल वाटलं नाही, पण फार बरं वाटलं.

कार्यक्रम इंद्रकुंडाजवळ, पलुस्कर सभागृहात होतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर अखेरच्या काळात नाशिकला आश्रम काढून राहिले होते. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी संगीत गुरूच्या घरातून वर्गात आणलं, अनेकांना एकत्र बसवून शिकवलं. आमच्यासारखी घरचं आवरून येणारी माणसं गाऊ शकतात ती त्या रस्त्यानं. त्या नावाच्या वास्तूत उभं राहून गाताना मला दर वेळी त्यांची आठवण होते.

आणि नाशिककरांनी हा प्रश्न विचारावा याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत पन्नास ढोल एकदम वाजतात, छातीत धडधडतं, तेव्हा त्यातल्या पोराला "तुझा टिपरू कुठला?" असं कुणी विचारत नाही. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून शहरातून जाते, तेव्हा टाळकऱ्यांतला एकेक आवाज आपण वेगळा काढत नाही. तिथे आपल्याला सगळं आपोआप कळतं. मंच, दिवे आणि खुर्च्या आल्या की मात्र आपण एकच माणूस शोधायला लागतो.

आता कामाचं. पुरुषांच्या खालच्या आवाजात आम्हाला माणसं कमी पडतात. आरतीला ज्यांचा आवाज सगळ्यांच्या खालून येतो असं कुणी तुमच्या घरात असेल तर त्यांना रविवारी तालमीला पाठवा. पट्टी माहीत नसली तरी चालते, बाई ती पेटीवर बसून दहा मिनिटांत काढून देतात. येताना वही आणि पाण्याची बाटली आणायला सांगा, आणि थंडी पडली आहे, तर पाणी कोमट.