सस्पेन्स खातं

‘पूर्वी पुण्यात पंखासुद्धा लागत नसे’ हे वाक्य मी आजवर बऱ्याचदा ऐकलं आहे आणि अलीकडे तर बहुतेक वेळा एसीत बसून. बोलणारा खोटं बोलत नसतो. गच्चीवर घातलेल्या गाद्या, माठातला वाळा आणि पहाटे पायाशी चाचपडून ओढून घेतलेली चादर मलाही आठवते. पण या गप्पांमध्ये पुढची सगळी वाक्यं ‘लोकांनी’पासून सुरू होतात. लोकांनी झाडं तोडली, लोकांनी घरटी दोन गाड्या घेतल्या, लोकांनी टेकड्यांवर इमारती चढवल्या. हे लोक कोण, असं विचारलं की सगळे समोरच्या सोसायटीकडे बघतात. समोरच्या सोसायटीतही संध्याकाळी अशाच गप्पा चालत असणार, आणि त्यांच्या समोर आम्ही राहतो.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीचशी खतावण्या जुळवण्यात. संगणक येण्याआधी दिवसाअखेर बेरीज जुळल्याशिवाय घरी जायची सोय नव्हती. ज्या रकमेचं कूळ सापडत नाही ती तात्पुरती ‘सस्पेन्स’मध्ये टाकायची. तात्पुरती म्हणजे कागदोपत्री. काही रकमा तिथे इतकी वर्षं पडून असत की नव्याने बदलून आलेल्या अधिकाऱ्याला त्या वडिलोपार्जित वाटत. ऑडिटर मात्र आला की पहिलं बोट तिथेच ठेवी.

निवृत्तीनंतर वेळ असतो आणि डायऱ्या फुकट मिळालेल्या असतात, म्हणून एकदा आमच्याच घराचा हिशेब मांडायला घेतला. जग तापतंय, त्यात आम्हा दोघांचा वाटा किती?

हिशेब वाटतो तितका अवघड नाही. वीजबिलावर युनिट छापलेलेच असतात. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशावरची, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात. उन्हाळ्यातला एसी आणि थंडीतला गीझर धरून आमचे महिन्याला सरासरी अडीचशे युनिट, म्हणजे वर्षाला दोन टनांच्या वर. १४.२ किलोचा सिलिंडर संपतो तेव्हा त्याचा साधारण ४२ किलो वायू झालेला असतो. वर्षाला सात सिलिंडर, तीनशे किलो. पेट्रोलपाशी मी अडलो. एक लिटर पेट्रोल भरतं पाऊण किलो, आणि ते जळून निघणारा वायू भरतो २.३ किलो. जमा पाऊण आणि खर्च सव्वादोन, बँकेत असं निघालं असतं तर चौकशी लागली असती. मग शाळेतलं रसायनशास्त्र आठवलं. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन धरून ठेवतो, वरचं वजन त्याचं. पंपावर आपण पैसे मोजतो ते पाऊण किलोचे, बाकीचं वजन वाटेत हवेतून उचलतो.

सगळं मिळून सव्वातीन टन झाले. माणशी दीडच्या थोडं वर.

भारतीयाची सरासरी वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे. म्हणजे आम्ही सरासरीच्या आत! हा आनंद चहा उकळेपर्यंत टिकला. ती सरासरी नुसत्या घरखर्चाची नाही. पोलाद, सिमेंट, खतं, रेल्वे सगळं तिच्यात येतं. ज्या इमारतीत बसून मी बेरजा करत होतो तिचं सिमेंट कुणाच्या नावे टाकायचं? शिवाय आपली सरासरी इतकी खाली राहते ती मेळघाटात चुलीवर भाकरी भाजणाऱ्या बाईच्या जिवावर. अमेरिकन माणूस आपल्या सातपट कार्बन सोडतो हे कट्ट्यावरचं लाडकं वाक्य खरंच आहे, तिथली सरासरी १४ टनांच्या आसपास आहे. फक्त ते बोलताना मी माझं बिल खिशात ठेवतो आणि त्या बाईचं बिल पुढे करतो.

एवढ्यात ही येऊन वही बघून गेली आणि म्हणाली, ‘अहो, खर्चाची बाजू मांडलीत, जमेचं काय?’ जमेची यादी लगेच तयार होती. कापडी पिशव्या तिच्या, ओल्या कचऱ्याचं खत तिचं, आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून तुळशीला घालणंही तिचंच. मी म्हटलं, पिशवी घेऊन मंडईत जातं कोण? आणि शहरात जाताना बसनं जातं कोण? दोघांनी आपापल्या वाट्याचे टक्के सांगितले तेव्हा बेरीज शंभरच्या बरीच पुढे गेली.

हे आमच्याच घरात होतं असं नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून घरातल्या कामांतला आपला वाटा विचारला, तर बहुतेक कामांत दोघांची बेरीज पूर्णाच्या वर गेली. इथवर कुणालाही नवल वाटायचं नाही. गंमत पुढे आहे. भांडण उकरून काढण्यासारख्या गोष्टींतही माणसं आपला वाटा जास्तच सांगत होती. म्हणजे हा नुसता बढाईचा मामला नाही. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं तितकं आठवत नाही, एवढी साधी गोष्ट.

मला त्यात आमच्या वहीचं उत्तर सापडलं. कापडी पिशवी लक्षात राहते कारण तिचा त्रास आहे. ती विसरून खाली उतरलं की परत जिना चढावा लागतो. खताच्या डब्यात अळ्या होतात. बादली भरून वाहते आणि पाय घसरतो. एसीचा मात्र काहीच त्रास नाही. बटण दाबलं की झोप लागते. कोळसा जळतो तो चंद्रपूरला.

चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं, महानिर्मितीचं सर्वांत मोठं. ती वीज अख्ख्या राज्याच्या तारांमध्ये मिसळते, त्यातला कुठला युनिट आमच्या एसीत शिरला हे देवही सांगू शकणार नाही. राख मात्र मिसळत नाही, ती तिथेच राहते. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २००९ साली देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले तेव्हा चंद्रपूर चौथं आलं होतं. उन्हाळ्यात सत्तेचाळीस अंशांच्या बातम्या येतात त्याही बहुधा त्याच गावाच्या. तिथला माणूस ‘पूर्वी पंखा लागत नसे’ असं कधीच म्हणू शकला नसेल, पण कोळसा त्याच्या अंगणातला आणि गारवा माझ्या खोलीतला, हे त्याने म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

कापडी पिशवीवर मला अन्याय करायचा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा प्लॅस्टिकने तुंबलेल्या गटारांनी मुंबईचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. पिशवीचा गुन्हा गटारातला आणि गाईच्या पोटातला आहे, तो तिथे मोजायचा. हवेच्या खात्यात तिची किंमत फार नाही. वर्षभरात शे-दोनशे पिशव्या नाकारल्या तर वाचणारा वायू होतो काही किलो, फार तर दोन लिटर पेट्रोलइतका. उलट ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली हिशेब काढला की नवी सुती पिशवी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला १३१ वेळा वापरावी लागते. हिने तो हिशेब उडवून लावला. आमच्या पिशव्या जुन्या पँटच्या आहेत, पँट आधीच वसूल झालेली. हे बरोबर आहे. पण हल्ली लग्नामुंजीत नावं छापलेल्या नव्या पिशव्या वाटतात, त्यांची थप्पी माळ्यावर आहे आणि ती कुणाच्याच यादीत नाही.

‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे आपल्यापायी हवेत किती कार्बन जातो त्याचा हिशेब, हे प्रकरण घराघरांत पोचवलं ते ब्रिटिश पेट्रोलियमने, २००५ च्या आसपासच्या जाहिरातींमधून. तेल विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाला विचारायचं, तुमचा वाटा किती? हे कळल्यावर माझा एक मित्र इतका खूश झाला की त्याने त्या दिवसापासून हा विषयच बंद केला. मला ते पटलं नाही. विचारणारा लबाड आहे म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. हाच मित्र मतदानाच्या दिवशी सकाळी सातला रांगेत असतो आणि शाईचं बोट दाखवत फिरतो. तेव्हा एका मताने काय होतं, असं कुणी म्हटलेलं त्याला चालत नाही.

आता खर्चाच्या बाजूची जी नोंद मी अजून केलीच नव्हती, ती. मुलीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं न्यू जर्सीला गेलो होतो. माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यात डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतशेपा, खारीक पूड आणि जुन्या धोतराची दुपटी. सीमाशुल्कवाल्याने डिंक हातात घेऊन हे काय म्हणून विचारलं तेव्हा हिने त्याला बाळंतिणीच्या कंबरेबद्दल सगळं सांगितलं. मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन माणशी एक ते दोन टन, हिशेब कुठल्या पद्धतीने करता त्यावर. मधला आकडा धरला तरी त्या एका प्रवासाने आमच्या घराची वर्षभराची वीज, गॅस आणि पेट्रोल जवळजवळ गाठलं. सगळ्या जन्माच्या कापडी पिशव्या एका पारड्यात घातल्या तरी दुसरं हलणार नाही.

मला पश्चात्ताप झाला का? नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाऊ. पण ज्याचा पश्चात्ताप होत नाही ते मांडायचंच नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं? मी बराच वेळ त्या तीन टनांचं कूळ शोधत होतो. मुलीच्या नावे टाकावं, तर तिने नुसतं ‘याल का’ विचारलं होतं. नातवाच्या नावे टाकावं, तर तो तेव्हा जन्मायचा होता. विमान कंपनीच्या नावे टाकायला सगळ्यांत सोपं, आपण नसतो गेलो तरी ते उडणारच होतं. शेवटी मी ‘सस्पेन्स’ असं लिहिलं आणि वही मिटणार तोच हिचं बोट तिथे येऊन टेकलं.

‘बाळंतपण काय सस्पेन्समध्ये टाकता?’ ती म्हणाली. ‘जायचं मी ठरवलं. माझ्या नावावर घाला.’

मी म्हटलं, विमान वजनाप्रमाणे इंधन खातं, कोणी ठरवलं ते विचारत नाही, निम्मं माझं. यावर थोडी घासाघीस झाली, आणि खर्चाच्या बाजूला दोघंही आपलाच वाटा जास्त सांगतायत हे माझ्या उशिरा लक्षात आलं. रॉस-सिकोलींना कळवायला हवं होतं.

नातू आता बोलतो. व्हिडिओ कॉलवर ‘कधी येणार’ एवढंच विचारतो. पुढच्या उन्हाळ्याच्या पानावर मी तीन टन पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत. ही म्हणते, बँकेत पेन्सिल चालायची का? शाईने लिहा.